सगळे शेतकरी गोष्टीला जमले

आमचं पहिलं भांडण शिंगांवरून झालं.

नोएडातली एक कंपनी कानाने ऐकायच्या मालिका बनवते. मेट्रोत, ट्रॅफिकमध्ये, पोळ्या लाटताना लोक त्या ऐकतात. मी तिथे लिहिते. गेल्या वर्षी आमच्या क्रिएटिव्ह हेडने ठरवलं, की आता एक 'नॉर्डिक-केल्टिक फँटसी' करायची. म्हणजे बर्फ, कुऱ्हाडी, धुकं, जंगलातली जादूगारीण आणि शेवटी ड्रॅगन. मी लिहायला बसण्याआधीच पोस्टर तयार होतं. त्यावरच्या योद्ध्याच्या शिरस्त्राणाला दोन शिंगं होती, खिलारी बैलाला असतात तशी.

"सर, ये सींग निकालिए. वाइकिंग लोग सींग नहीं लगाते थे. बाद में नाटकवालों ने लगाए."

"यार, पब्लिक को सींग चाहिए."

"पर झूठ है."

"ड्रॅगन सच है?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते एका वाक्यात मावत नव्हतं, आणि त्या ऑफिसात एका वाक्यापलीकडे कुणी ऐकत नाही. शिंगं राहिली. पुढच्या पोस्टरसाठी फोटो काढायला केसाळ झूल हवी होती, तर प्रॉडक्शनचा माणूस म्हणाला, "पानिपत से आ जाएगी, कंबल की मार्केट है." मी एकटीच हसले. मराठी माणसाला पानिपतहून काय काय येऊ शकतं याची त्यांना कल्पना नव्हती. दोन दिवसांनी खरंच मिंक ब्लँकेट आलं, गुलाबी फुलांचं. ते उलटं करून योद्ध्याच्या खांद्यावर टाकलं.

फँटसी लिहिताना आधी जग उभं करावं लागतं. तिथले लोक काय खातात, कुणाला भितात, तंटा झाला तर कुणाकडे जातात, मेल्यावर कुठे जातात, हे सगळं एका फाइलीत लिहून ठेवायचं. ही फाइल माझ्याकडे होती. मी महिनाभर वाचलं. नॉर्स म्हणजे आजच्या नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंडकडचे दर्यावर्दी लोक. केल्टिक म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्सकडचे. दोघांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, भीती वेगळ्या. ते शेजारी होते, एकमेकांना लुटत होते, एकमेकांच्या मुलींशी लग्नंही करत होते. पण म्हणून ते एक नव्हते. आमच्या पहिल्या मसुद्यातला केल्टिक पुरोहित मात्र नॉर्स लोकांची रून लिपी कोरलेली काठी घेऊन फिरत होता. आयर्लंडची स्वतःची जुनी लिपी आहे, दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा मारून लिहायची. मी ती दाखवली.

"लकीरें? बस लकीरें?" हेड म्हणाला. "नहीं यार. रून रखो. रून कूल है."

मालिका ऑडिओ होती. काठीवर काय कोरलंय ते कुणालाही कधीही दिसणार नव्हतं. तरी त्याला ते कूल हवं होतं.

आयरिश लोकांचे टेकडीच्या पोटात राहणारे अदृश्य लोक मला फार आवडले होते. त्यांचं नाव सरळ घ्यायचं नाही, 'भले लोक' म्हणायचं, नाहीतर ते रागावतात. आमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, तसंच. मी लिहिलं, की यांना पंख नाहीत, हे माणसाएवढेच उंच आहेत आणि यांना घाबरायचं असतं. हेडकडून फाइल परत आली तेव्हा त्यांना पंख फुटले होते आणि पंखांतून चमकी गळत होती.

मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, की समजा नॉर्वेत बसून कुणी 'इंडियन' मालिका काढली. तिच्यात नऊवारी नेसलेली बाई कथकळीचा रंग तोंडाला फासून, राजस्थानी पगडी घालून, बर्फात इडल्या विकतेय. आपण काय करू? बोंब मारू ना? मग त्यांच्या बाबतीत आपण तेच का करतोय?

"कौन-सा नॉर्वेवाला सुन रहा है?" हेड म्हणाला.

दिल्लीत मुनिरकाच्या खोलीवर येऊन मी हे रूममेटला सांगितलं. ती लातूरची, तिसऱ्यांदा यूपीएससीची मुख्य परीक्षा देत होती. नोट्समधून मान वर न करता म्हणाली, "तू आणि तुझे व्हायकिंग. अगं, ते मेले ना पण?"

"मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोललं तर चालतं का?"

"इतिहासाच्या पेपरात नाही चालत. तुमच्यात चालत असेल."

माझ्या या तिरसटपणाला घर जबाबदार आहे. आमच्या घरी वर्तमानपत्र एक आणि पत्रकं ढीगभर. वडील एका छोट्या गावात शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात कुठल्या ना कुठल्या समितीचे चिटणीस. धरणग्रस्त, बुवाबाजी, बंद पडलेली सूतगिरणी, एसटीचा थांबा. सगळ्यावर पत्रक निघायचं. मी अक्षरओळख 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर केली. गणिताची उजळणी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर केली. त्यामुळे राग आला की माझ्याकडून आपोआप मुद्दे पडतात, आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी 'त्वरित' हा शब्द येतो. वडिलांचा एक नियम होता. पत्रकात धोरणावर तुटून पडायचं, पण टेबलामागच्या कारकुनावर नाही. तो नियम मला पाठ होता. पाठ होता एवढंच.

मालिकेत एकच भाग असा होता, की ज्याच्यासाठी मी बाकी सगळ्या हारी पत्करल्या. नॉर्स लोकांत एक प्रथा होती. ठरलेल्या दिवशी सगळे मोकळे शेतकरी माळावर जमायचे. कायदा लिहिलेला नसायचा. एक माणूस तो सगळ्यांसमोर तोंडपाठ म्हणून दाखवायचा. मग तंटे मांडले जायचे, आणि गावच्या मुखियालाही तिथे उभं राहून उत्तर द्यावं लागायचं. या जमण्याला त्यांच्या भाषेत 'थिंग' म्हणत. आजही तिकडच्या देशांच्या संसदांच्या नावांत तो शब्द आहे. प्रत्येक फँटसीत एक सिंहासन असतं आणि त्यावर योग्य राजपुत्र बसला की सगळं ठीक होतं, याचा मला उबग आला होता. म्हणून मी एकोणिसाव्या भागात थिंग घातली. मासेमारी करणाऱ्या माणसाची विधवा उठते आणि नवऱ्याची होडी ठेवून घेणाऱ्या मुखियाला सगळ्यांदेखत जाब विचारते. तलवार नाही, जादू नाही. बोलून ती होडी परत मिळवते.

हेडला तो भाग कंटाळवाणा वाटला. मी तीन आठवडे भांडले. शेवटी तो म्हणाला, "ठीक है. एक एपिसोड. बस एक."

आता यातला वेडेपणा ऐका. मी मराठी. मालिका हिंदी, मराठी, तमिळ, बंगालीत येणार. पण कंपनीचा नियम असा, की मूळ मजकूर इंग्रजीतच हवा. म्हणजे मी मराठीत विचार करून इंग्रजीत लिहायचं, आणि मग दुसऱ्या कुणीतरी ते इंग्रजीतून मराठीत आणायचं. "मराठी मी थेट लिहिते," असं मी दोनदा सुचवलं. "प्रोसेस है," असं उत्तर दोनदा मिळालं.

एकोणिसाव्या भागाचं मराठी रेकॉर्डिंग आलं तेव्हा मी मेट्रोत होते, मॅजेंटा लाइनवर. कानात इअरफोन. वाऱ्याचा आवाज, दूर शिंग फुंकल्याचा आवाज, आणि मग निवेदकाचा भरदार स्वर: "दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. सगळे मोकळे शेतकरी गोष्टीला जमले."

मला वाटलं, चुकून ऐकलं. मागे घेतलं. गोष्टीला जमले. पुढे: "गोष्टीत कुणीही शस्त्र आणत नसे." आणि पुढे, विधवेच्या तोंडी: "मी गोष्टीसमोर उभी आहे. गोष्टीने मला न्याय द्यावा."

इंग्रजी 'थिंग'. थिंग म्हणजे वस्तू, बाब, गोष्ट. कुणीतरी शब्दाला शब्द ठेवून मोकळं झालं होतं. ज्या एका भागासाठी मी पंखांवरची चमकी गिळली होती, त्यात दोनशे दर्यावर्दी शेतकरी बालवाडीतल्या मुलांसारखे गोष्ट ऐकायला मांडी घालून बसले होते. शिवाय कुऱ्हाडीची 'कुल्हाडी' झाली होती आणि शिडाची 'पाल'. पाल! होडीवर पाल फडफडत होती.

बोटॅनिकल गार्डन स्टेशन येईपर्यंत माझा मेल लिहून झाला होता. मुद्दे सात. पहिला मुद्दा 'गोष्ट', दुसरा 'पाल', आणि शेवटचा असा, की ज्या व्यक्तीला मराठी येत नाही तिच्या हाती मराठी सोपवणं हा श्रोत्यांचा अपमान आहे आणि याची त्वरित दखल घेतली जावी. हेडला पाठवला, सगळ्या टीमला प्रत पाठवली. धोरणावर एक अक्षर नव्हतं. सगळा मेल टेबलामागच्या माणसावर होता. पाठवल्यावर मला अगदी हलकं वाटलं.

हेड पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाला. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सुपर फीडबॅक. मैं तो कब से कह रहा था, ह्यूमन ट्रान्सलेटर का झंझट ही क्यों? मराठी से शुरू करते हैं. सॉफ्टवेअर कर लेगा, तुम ऊपर से देख लेना. उनको बोल दिया है, इस महीने के बाद नहीं."

"उनको माने किनको?"

"वो जो आंटी हैं. मराठी वाली."

तोपर्यंत माझ्या डोक्यात ती 'व्यक्ती' होती. आंटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, स्वच्छ मराठी. "मी गोष्टवाली बोलतेय."

"कोण?"

"अगं, तुझ्या मेलमधली. ज्या व्यक्तीला मराठी येत नाही ती. तो मेल मला फॉरवर्ड केलाय त्यांनी, कारण म्हणून. बघ, मला वाद नाही घालायचा. मला फक्त एक विचारायचंय, आणि ते फोनवर नाही. शनिवारी येतेस का? जवळच राहते मी, नोएडातच."

मी जायला नको होतं असं माझी रूममेट म्हणते. मला वाटतं, न जाणं जमलं नसतं.

काकू साठीच्या आसपासच्या. जुन्या सेक्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर. जन्म दिल्लीतलाच, वडील केंद्र सरकारात कारकून होते, त्यामुळे लहानपण सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगा परदेशी. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्या शेजारी तीन शब्दकोश आणि एक वही. वहीत शब्दांच्या जोड्या. मी बसल्याबसल्या ती वही उलटी वाचायचा प्रयत्न केला.

"पोहे खाशील ना? बिल्कुल लाजू नकोस." पोहे समोर ठेवून त्या बसल्या. "हे काम गेलं तर मी काय करू, असं मी तुला विचारणार नाहीये. पेन्शन आहे, चाललंय. पण दिवसभर मराठीत कुणाशी बोलायचं तर हे एकच आहे माझ्याकडे. सकाळी उठून चार पानं मराठी लिहायची. ते जातंय. म्हणून मला विचारायचंय, की तू मला ती फाइल का नाही दिलीस?"

"कुठली फाइल?"

"त्यात सगळं लिहिलेलं असतं म्हणे. कोण कोणाचा, कशाला काय म्हणतात. प्रत्येक भागाच्या वर लिंक असते. उघडायला गेलं की कुलूप. मी तीनदा परवानगी मागितली. बटण दाबून. तुझ्याकडे मेल जातो ना?"

मी तिथेच फोन काढला. तीन मेल होते. 'अमुक पत्त्यावरून तुमची फाइल पाहण्याची परवानगी मागितली आहे.' पहिला ऑगस्टमधला. असे मेल रोज येतात, कोण मागतं कळत नाही, मी उघडतच नाही. त्याच फाइलीत चौथ्या पानावर, 'थिंग'समोर मी अर्धं पान लिहिलेलं होतं.

"आलेत का?" काकूंनी विचारलं.

"आलेत."

"अच्छा." एवढंच म्हणाल्या आणि पोह्यांवर लिंबू पिळायला पुढे केलं.

राग आला तर मला बोलता येतं. त्यांना राग आलेला नव्हता, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पण काकू, वाचताना खटकलं नाही का? शेतकरी गोष्टीला जमले? गोष्टीने न्याय द्यावा?"

"पहिल्यांदा खटकलं. पहिल्यांदा मी 'गोष्ट' लिहिलं ते थिंग म्हणजे गोष्ट म्हणूनच. मग पुढे सगळे तिथे जमायलाच लागले. तेव्हा मला वाटलं, असेल, बरोबरच आहे. आमच्या क्वार्टर्समध्ये थंडीत दुपारी सगळ्या बायका लॉनवर उन्हात बसायच्या. विणकाम घेऊन, मटार सोलायला घेऊन. आई आम्हाला सांगायची, मी गोष्टींना जातेय. गप्पागोष्टींना, म्हणजे. पण नुसत्या गप्पा नसायच्या हां त्या. कुठल्या भाजीवाल्याकडून घ्यायचं नाही, कुणाच्या नवऱ्याला समजवायचं, नळाचं पाणी कुणी किती वेळ घ्यायचं, सगळं तिथे ठरायचं. एकदा एका मोठ्या साहेबाच्या बायकोला माफी मागायला लावली होती. मी फ्रॉकमध्ये होते, मला आठवतंय. म्हणून मला गोष्टीला जमले यात काही चुकलं असं नंतर वाटलंच नाही." थांबून म्हणाल्या, "पाल मात्र चुकलं. हिंदीत पाल म्हणतात, ते डोक्यात बसलंय. शीड हा शब्द मला आलाच नाही. लहानपणी कधी समुद्रच बघितला नव्हता ना."

परतताना मेट्रोत मी फोनवर शब्दकोश उघडला. 'गोष्ट' हा शब्द संस्कृत 'गोष्ठी'वरून. गोष्ठी म्हणजे बैठक, जमाव, सभा. सभेतलं बोलणं म्हणजे गोष्ट, मग ज्याबद्दल बोलायचं ती बाब म्हणजे गोष्ट, मग कुठलीही बाब, कुठलीही कहाणी. मग इंग्रजी शब्दाचं मूळ काढलं. थिंग म्हणजे आधी सभा. मग सभेपुढचा विषय. मग कुठलीही बाब. शेवटी कुठलीही वस्तू. हजारो कोस दूर असलेल्या दोन भाषा एकमेकींना न विचारता हुबेहूब त्याच वाटेने चालल्या होत्या. मी उभ्याउभ्या काकूंना फोन लावला.

"काकू, तुमचं बरोबर होतं! गोष्ट म्हणजे सभाच! मी आत्ता हेडला लिहिते, सगळं पुराव्यासकट. तुम्ही जो शब्द वापरलात तो इतका अचूक आहे की—"

"ए बाई, थांब. मला हे माहीत होतं का?"

"नाही, पण—"

"मग मी बरोबर कशी? माझी चूक झाली आणि ती नशिबाने बरी निघाली. तू त्या माणसाला सांगणार, की हिने विचार करून केलं. म्हणजे आधी माझ्याविरुद्ध खोटं, आता माझ्या बाजूने खोटं. मला नको ते. चूक आहे ती चूक आहे म्हण. मग विचार, की चुकलेल्या माणसाला न बोलावता काढायचं का. एवढंच विचार."

आणि फोन ठेवला. नोएडात माझ्या वडिलांसारखं बोलणारं दुसरं माणूस मला भेटेल असं वाटलं नव्हतं. चिडचिड झाली. माझा मुद्दा इतका सुंदर होता, आणि तो वापरायला मनाई होती.

सोमवारी मी हेडकडे गेले आणि म्हटलं, की मराठीच्या अनुवादाबद्दल मीटिंग हवी, आणि काकूंनाही बोलवा.

"अरे, तुमने ही तो निकलवाया है."

"हाँ. इसलिए मैं ही बोल रही हूँ. मेरी मेल में आधी बात थी."

"अब पूरी क्या है?"

"वो मीटिंग में."

त्याने कपाळावर हात मारला. पण मीटिंग लावली, बहुतेक मी रोज येऊन उभी राहीन या भीतीने. मी रोज गेलेच असते.

काचेची खोली, एसी हिवाळ्यातही चालू. काकू शाल घेऊन आल्या होत्या, वही घेऊन. हेडने पडद्यावर सॉफ्टवेअरचं मराठी लावलं. तोच भाग, तेच वाक्य: 'सर्व मुक्त शेतकरी त्या वस्तूमध्ये भेटले.'

"देखो, फटाफट. दो सेकंड में," तो म्हणाला. "ठीक है ना?"

त्या खोलीत मराठी येणाऱ्या आम्ही दोघीच होतो. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या हसत होत्या, शाल तोंडाशी धरून.

"सर, इसमें किसान एक चीज़ के अंदर घुस गए हैं," मी म्हटलं. "दो सौ किसान."

मग मी उरलेलं सांगितलं. फाइल माझी. कुलूप माझं. परवानगीचे तीन मेल मला आले, मी उघडले नाहीत. ज्या शब्दावरून मी ओरडले त्याचा अर्थ ज्या पानावर होता, ते पान मी त्यांना दिलंच नव्हतं. माझ्या मेलमधला शेवटचा मुद्दा मी मागे घेते, सगळ्यांसमोर, कारण तो सगळ्यांना पाठवला होता. चुकीचा बचाव करण्यापेक्षा चूक वाचून दाखवणं फार कंटाळवाणं असतं, कुणी टाळ्या वाजवत नाही. टीममधला एकजण फोन बघत होता.

"तो गलती किसकी है?" हेडने वैतागून विचारलं. त्याला एक नाव हवं होतं.

"'पाल' मेरी है," काकू म्हणाल्या. "'कुल्हाडी' भी मेरी. थिंग पहली बार मेरी, बाद में आधी-आधी. आप पूछते तो मैं बता देती. आपने पूछा नहीं, मेल भेज दिया."

त्यांनी वही उघडली. मालिकेतल्या प्रत्येक अडलेल्या शब्दाची नोंद होती, कुठल्या भागात, कुणाला विचारायचं, उत्तर आलं का. उत्तराचा रकाना जवळजवळ रिकामा होता. हेडने दोन पानं चाळली. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, पण रिकामा रकाना कुठल्याही भाषेत वाचता येतो.

"अच्छा, ठीक है," तो म्हणाला. "आंटी, आप सीरीज़ पूरी कीजिए. मगर," माझ्याकडे बोट, "हर एपिसोड ये चेक करेगी. फाइल का लॉक खोलो यार, आज ही."

"बिल्कुल," काकू म्हणाल्या. "ये मेरा चेक करे. मैं भी इसका चेक करूँगी. अंग्रेज़ी वाला. वरना नहीं."

"आप लोग आपस में देख लो," हेड म्हणाला आणि उठला. त्याच्यापुरतं संपलं होतं.

माझ्यापुरतं सुरू झालं. फाइलीचं कुलूप मी लिफ्टमध्येच काढलं. एकोणिसावा भाग पुन्हा रेकॉर्ड व्हायचा होता. 'गोष्ट' ठेवायचं की 'बैठक', यावर आम्ही तीन दिवस भांडलो. मला आता 'गोष्ट' हवं होतं आणि काकूंना नको होतं. "ऐकणाऱ्याला पहिल्यांदा कळलं पाहिजे. तुझा शब्दकोश घेऊन कोण बसणार आहे?" शेवटी पहिल्यांदा 'गावाची बैठक, जिला ते गोष्ट म्हणत' असं आलं आणि पुढे 'गोष्ट'. मी जिंकले असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी दात घासत असताना फोन.

"फाइल वाचली सगळी. छान केलंयस. आता मला सांग, तुझ्या एकोणिसाव्या भागात सगळे मोकळे शेतकरी जमतात. मोकळे म्हणजे?"

"म्हणजे स्वतंत्र. गुलाम नाहीत ते."

"हां. तुझ्याच फाइलीत अकराव्या पानावर लिहिलंय, की या लोकांच्यात गुलाम असायचे. लुटून आणलेले. बरेचसे आयर्लंडहूनच आणलेले. मग तो दिवसभर सगळं गाव माळावर बसलेलं असताना गुरांना पाणी कोण पाजतंय? तुझी ती विधवा न्याय मागते, होडी मागते. होडी वल्हवतं कोण? तिच्या घरी पण आहे की एखादी पळवून आणलेली? तिला बोलता येतं का तुझ्या गोष्टीत?"

मी तोंडातला फेस थुंकला. मला माहीत होतं. ते वाक्य मीच लिहिलेलं होतं आणि भाग लिहिताना बाजूला ठेवलं होतं, कारण माळ, कायदा म्हणणारा म्हातारा, उभी राहिलेली बाई, हे चित्र इतकं नेटकं जमलं होतं की त्यात गुलाम आला की सगळं बिघडत होतं.

"काकू, रेकॉर्डिंग शुक्रवारी आहे."

"मग आज मंगळवार आहे."

"ते पुन्हा कंटाळवाणं म्हणतील. मुश्किलीने एक भाग मिळालाय."

"अगं, मी कुठे म्हणतेय दुसरा भाग दे? याच्यातच एक बाई उभी कर. मागच्या बाजूला. उभी राहिली तर तिला बसवतील की नाही, ते तू बघ."

"बसवतील. तिला तो हक्कच नव्हता."

"मग ते लिही. खरं तेच लिही. विधवेला होडी मिळू दे, आणि हिला बसवू दे. आणि तुझ्या त्या विधवेला ते दिसू दे."

मी चिडून म्हटलं, की याने शेवट सगळा कडू होईल. काकू म्हणाल्या, होऊ दे. आणि बसायला सांगताना मराठीत मुखियाच्या तोंडी काय शब्द घालायचा ते मला लवकर कळव, कारण 'खाली बस' आणि 'बैस' यांत फार फरक आहे.

मी ऑफिसला दांडी मारली आणि लिहायला बसले.